अंगात येणे आणि भूमिकेत शिरणे



आपल्या भाषेत दोन वाक्प्रचार शेजारी शेजारी नांदतात, परंतु त्यांची दिशा परस्परविरुद्ध आहे. ‘तिच्या अंगात आले’ असे आपण म्हणतो आणि ‘तो भूमिकेत शिरला’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात कोणीतरी बाहेरून माणसात येते. दुसऱ्यात माणूस आपण होऊन दुसऱ्या कोणात जातो. व्याकरणाच्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ‘तिच्या अंगात आले’ या वाक्यात कोण आले हे सांगितलेलेच नाही. कर्त्याचा उच्चार नसताना ते वाक्य उभे आहे आणि ऐकणाऱ्याला अपुरेही वाटत नाही. ‘तो भूमिकेत शिरला’ येथे मात्र कर्ता ठळक आहे. बोलणाऱ्या समाजाने हा भेद नकळत केला असेल. पण तो नेमका केला आहे.

या अभ्यासक्रमात आपण कथा, नाटक, भारूड असे विविध प्रकार वाचता. ‘अमुक पात्राचा स्वभाव स्पष्ट करा’ हा प्रश्न स्वाध्यायात ठरलेला असतो आणि ‘मानी’, ‘सोशिक’, ‘करारी’ अशी विशेषणे ओळीने मांडून आपण मोकळे होतो. समंत्रक म्हणून अशी उत्तरे मी अनेक वर्षे तपासत आलो आहे. गुण द्यावे लागतात, देतो. पण ज्या माणसाबरोबर आपण एका घरात वीस वर्षे राहिलो, त्याच्याविषयी अशी विशेषणे आपल्याजवळ भरपूर असतात आणि तरी तो माणूस आपल्याला कळलेला नसतो. तो कळतो तेव्हा काय घडते, याविषयी मला काही सांगायचे आहे. त्यासाठी आपल्याला माझ्या गावी यावे लागेल.

मलकापूर हे नळगंगेच्या काठचे, मुंबई-हावडा लोहमार्गावरचे गाव. भुसावळ सोडून गाडी पूर्वेला निघाली, की विदर्भाची सुरुवात येथून होते. जिल्ह्याचे ठिकाण बुलढाणा. परंतु तेथे रेल्वे नाही. म्हणून बुलढाण्याचा प्रवासी मलकापूरला उतरतो आणि मोताळा, राजूर घाट करीत एस. टी.ने वर चढतो. होळीच्या सुमारास या प्रवाशांत एक वेगळी गर्दी मिसळलेली असते. आपल्याच जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीला तेथे नारळांची मोठी होळी पेटते, पुढे संदल निघतो. हिंदू आणि मुसलमान दोघेही येतात. ज्यांना ‘बाहेरचे’ झाले आहे असे घरच्यांना वाटते, अशांना दूरदूरच्या जिल्ह्यांतून येथे आणले जाते.

लहानपणापासून मी ही माणसे स्थानकावर पाहत आलो. एका वर्षीची एक माय मला विशेष आठवते. तिचा विशीतला मुलगा फलाटावर भिंतीला टेकून बसला होता. त्याचे दोन्ही हात तिने स्वतःच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधलेले होते, आणि त्याच बाईने भाकरी कुस्करून, दुधात कालवून त्याला घास भरवणे चालवले होते. तो कोणाशी तरी बोलत होता. त्या ‘कोणाशी’त ती नव्हती. बघ्यांपैकी काही हसत होते, काही हात जोडत होते. हसणारा आणि हात जोडणारा या दोघांनीही त्या मुलाला माणसांच्या बाहेर काढून ठेवले होते, असे आज मला वाटते. एकाला तो वेडा दिसत होता, दुसऱ्याला पछाडलेला. त्या मुलाला काय दिसत असेल हा प्रश्न कोणाच्याच मनात नव्हता. त्याच्या माईच्या मनात तो असावा, कारण प्रत्येक घासाआधी ती त्याच्या नजरेच्या दिशेने पाहून घेई.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अशा मुलाला उपचारांची गरज असते, आणि ते आज पूर्वीइतके दूर राहिलेले नाहीत. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील जुन्या मनोरुग्णालयांखेरीज आता जिल्हा रुग्णालयांतही मानसोपचार मिळतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला दोरीने वा साखळीने बांधून मारहाण करणे हा राज्याच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. श्रद्धा कोणाची कोठे असावी हे मी सांगणार नाही. पण बाबांच्या दर्शनाला जाणाऱ्याने डॉक्टरांकडेही जावे, एवढे सांगतो. या मुलाची अवस्था आणि मी पुढे जिचे वर्णन करणार आहे ती अवस्था या दोन्हींना आपल्याकडे एकाच सुरात ‘अंगात आले’ म्हणून टाकतात. त्या एक नव्हेत.

आमच्या गल्लीत एक काकू होत्या. भरल्या घरातील धाकटी सून. डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, आणि पुरुषांच्या व मुलांच्या पंगती उठल्याशिवाय त्या कधी जेवल्या नाहीत. सासऱ्यांसमोर त्यांचा आवाज कोणी ऐकलेला नव्हता. नवरात्रात अष्टमीला आरतीच्या वेळी त्यांच्या अंगात येई. केस सुटत, शरीर घुमू लागे, आवाज भरदार होई. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. त्या वर्षी देवीने सासऱ्यांकडे बोट केले आणि विचारले, “या झाडाले माहेरी काहून धाडत नाही रे?”

ज्याच्या अंगात येते त्या माणसाला आपल्याकडे ‘झाड’ म्हणतात. वारा झाडात शिरतो, झाड हलते. हलणे झाडाचे, जोर वाऱ्याचा. देवी काकूंविषयी बोलत होती, आणि ‘मी’ म्हणून नव्हे, ‘झाड’ म्हणून बोलत होती. ज्या बाईने सासऱ्यांना कधी नजर वर करून पाहिले नव्हते, तिच्या तोंडून त्यांना ‘रे’ ऐकावे लागले. म्हातारबांनी हात जोडले. “चुकलं आई. धाडतो,” म्हणाले. दसरा झाल्यावर काकूंना खरोखरच पॅसेंजरने नांदुऱ्याला पोचवण्यात आले. चार वर्षांनी त्या माहेरी जात होत्या.

हे सोंग होते काय? गल्लीतील काही बायकांना तसे वाटे आणि त्या दबल्या आवाजात तसे बोलतही. मला हा प्रश्न उथळ वाटतो. जाणिवेचा एक कप्पा काही काळ उरलेल्या मनापासून तुटून आपल्या हिशेबाने बोलू लागतो, हे मनोविकारशास्त्राला परिचित आहे. आणि जेथे ही अवस्था समाजमान्य विधीच्या चौकटीत येते व तेथेच संपते, तेथे तिला विकार समजू नये, असेही तेच शास्त्र सांगते. शुद्धीवर आल्यावर काकूंना काही आठवत नसे. त्या मुकाट्याने केस बांधत आणि भांडी घासायला बसत. मला खरा प्रश्न वेगळाच दिसतो. त्या दिवशी त्या घराला काय कळले? देवीची इच्छा कळली. सुनेचे दुःख कळले नाही. सासऱ्यांनी क्षमा मागितली ती आईची, झाडाची नव्हे. आणि काकूंनाही स्वतःचे ते बोलणे कधी ऐकायला मिळाले नाही. सत्य बोलले गेले, त्याचा परिणामही झाला. परंतु ते ज्ञान म्हणून कोणाच्याच हाती राहिले नाही. पुढील वर्षी अष्टमीला देवीला पुन्हा तोच प्रश्न विचारावा लागला.

याच गल्लीत सुगीनंतर बहुरूपी येत असे. बहुधा पोलिसाच्या वेषात. खाकी कपडे, काखेत रूळ, हातात जुनी वही. दारात उभा राहून तो दरडावी: रात्री मांजर मोकळे सोडल्याबद्दल, बायकोने केलेल्या भाजीत मीठ कमी पडल्याबद्दल, आपल्यावर वॉरंट आहे, चला! आम्ही पोरे हसून लोळत असू. पण मोठी माणसे पहिल्या क्षणी दचकत. मला पुढे उमगले, की बहुरूप्याचे लक्ष त्या पहिल्या क्षणावरच असे. कोणाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरतो, कोण उगीच मोठ्याने हसतो, कोण आधी आत बायकोकडे पाहतो, हे तो टिपून घेई आणि पुढचे संवाद त्याप्रमाणे बदली. सावकाराला तो निराळा आरोप लावी आणि मास्तरांना निराळा. तो पूर्ण पोलीस असे आणि त्याच वेळी पोलिसाच्या टोपीखालून आम्हांला पाहणारा बहुरूपीही असे. गावातील माणसांचे स्वभाव त्याच्याइतके अचूक कोणाला ठाऊक होते की काय, मला शंका आहे. बिदागी मात्र मूठभर ज्वारीची.

एकाच वेळी दोन असण्याच्या या कसबाचे अतिशय कठोर उदाहरण मराठी रंगभूमीच्या इतिहासात आहे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग होता. भामिनीची भूमिका बालगंधर्वांची. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. ऐश्वर्याच्या तोऱ्यातून प्रेमाकडे वळणारी एक श्रीमंत तरुणी त्या रात्री प्रेक्षकांनी पाहिली. या प्रसंगाला कोणी कर्तव्यनिष्ठा म्हणतात, कोणी निष्ठुरता. मला यात निष्ठुरता दिसत नाही. त्या रात्री बाप नाहीसा झाला असता, तर ते अंगात येणे ठरले असते. बाप तेथेच होता आणि भामिनी गात होती.

आता आपल्या पाठ्यक्रमातील एका संकल्पनेकडे येऊ. १९२१ साली बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी ‘सविकल्प समाधी’चा विचार मांडला. परीक्षेसाठी आपण तो पाठ करता; येथे तो जरा उलगडून पाहू. योगशास्त्रात निर्विकल्प समाधी म्हणजे ज्ञाता आणि ज्ञेय हा भेदच मावळणे. सविकल्प समाधीत भेदाची जाणीव शिल्लक असते. केळकरांचे म्हणणे असे, की वाङ्मय वाचताना वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी तादात्म्य पावतो, पण स्वतःची भूमिका सोडत नाही. आणि एकाच वेळी दोन ठिकाणी असण्याच्या या अनुभवातच वाङ्मयानंद आहे. पुढील समीक्षकांनी या विचारावर आक्षेप घेतले, कारण सगळ्याच वाङ्मयाचा आनंद एवढ्याने उलगडत नाही. तो वाद आपण मूळ घटकात वाचाच. मला एवढेच सुचवावेसे वाटते, की केळकरांनी ज्याला आनंदाचे कारण म्हटले, ते ज्ञानाचेही कारण आहे. दुसऱ्यात न जाणाऱ्याला दुसरा कळत नाही. जाऊन परत न येणाऱ्याला काही सांगता येत नाही. आपल्या नाथपंथी कथांना हे ठाऊक होते. स्त्रीराज्यात रमलेल्या मच्छिंद्रनाथांना परत आणायला गोरक्षाला दारात मृदंग वाजवावा लागला.

मराठीत या विद्येचे आद्य गुरू संत एकनाथ होत. पैठणचा हा कर्मठ घरातील पंडित, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करणारा संपादक, आपल्या भारुडांत जोशी झाला, गारुडी झाला, गोंधळी, वासुदेव, भुत्या झाला. आंधळा, बहिरा, मुका, पांगळा झाला. सासुरवासाने गांजलेली बाई झाला. जोहार घालणारा महारही झाला. भारुडात आध्यात्मिक रूपक असते, ते शोधायला आपल्याला शिकवले जाते. पण रूपकाकडे धाव घेण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहावे: सोळाव्या शतकातील एका ब्राह्मणाने स्वतःच्या तोंडी महाराचा ‘मी’ घेतला. तो उच्चारताना त्याच्या जिभेला काय जाणवले असेल?

याची दुसरी बाजूही आपण विसरू नये. हाच जोहार नाथांच्या सुमारे दोन शतके आधी चोखोबांनी घातला होता, आणि तो सोंगातला नव्हता. चोखामेळ्यांचे जन्मगाव आपल्याच जिल्ह्यातील मेहुणाराजा मानले जाते, म्हणून ही गोष्ट आपल्याला अधिक जवळची. चोखोबांना भूमिकेतून बाहेर पडण्याची सोय नव्हती, नाथांना होती. भूमिका कितीही सहृदय असली, तरी ती ज्याची आहे त्याच्या बोलण्याची जागा घेऊ शकत नाही. १९७८मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आले तेव्हा मराठी वाचकाला हे नव्याने उमगले. दलितांविषयी कळवळ्याने लिहिलेले तोपर्यंत पुष्कळ होते; पण ‘मी’ म्हणणारा तोच, आणि भोगणाराही तोच, असे हे पुस्तक होते.

काही वर्षांपूर्वी मलकापुरातील रविवारच्या संपर्कसत्रात मी भारुडाचा घटक शिकवत होतो. वर्गात एस. टी.चे एक वाहक होते, दोन शेतकरी, जिनिंगमधील एक दिवाणजी, तीन-चार गृहिणी, आणि चाळिशीच्या एक अंगणवाडी सेविका. शिकवणे रंगत नव्हते. दुपारची वेळ, पंखा बंद. मी म्हटले, पुस्तके मिटा. ज्या माणसाशी आपले मुळीच पटत नाही असे घरातील एक माणूस निवडा आणि पाच मिनिटे ते व्हा.

दिवाणजी उठले, रुमाल डोक्यावर घेतला आणि बायकोचा आवाज काढला. सगळे हसले. त्यांची बायको बडबडी आहे, हे त्यांना आधीच ठाऊक होते. आम्हांलाही तेवढेच समजले. ती नक्कल होती. नक्कल करणारा दाराबाहेरच उभा असतो, आणि बाहेरून दिसते तेवढेच दाखवतो. तिच्यात गंमत आहे, पण जोखीम नाही.

मग अंगणवाडीच्या बाई उठल्या. त्यांनी सासू केली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असल्यासारखा हात ठेवला, गुडघा धरून बसल्या, आणि साखरेचा डबा कुलपात ठेवणारी एक खाष्ट म्हातारी वर्गात अवतरली. पुन्हा हशा. दुसऱ्या एका विद्यार्थिनीने सून होऊन म्हटले, “आत्याबाई, चहा मांडते. किल्ली द्या ना.” बाई हसतच काही बोलायला गेल्या आणि थबकल्या. मग सासूच्याच आवाजात, पण खालच्या पट्टीत, त्यांच्या तोंडून आले, “किल्ली तुले देली, त मंग मले आवाज कोन देईन?”

वर्ग शांत झाला. बाई स्वतःच चकित होऊन माझ्याकडे पाहत राहिल्या. “सर, हे मी नाही ठरवलं होतं,” म्हणाल्या.

काकूंच्या देवीची मला त्या वेळी आठवण झाली. येथेही न ठरवलेले शब्द आले होते, येथेही आवाज दुसऱ्याचा होता. पण एक मोठा फरक होता. या बाईंना आपले वाक्य ऐकू आले. आत शिरलेली सून ती जागा डोळ्यांनी पाहत होती: मुलगा कामावर, नातवंडे शाळेत, सून अंगणवाडीत, दिवसभरात त्या म्हातारीला हाक मारण्याचे एकच निमित्त घरात उरले होते, आणि ते तिने कुलपात ठेवले होते.

हे खरेच सासूच्या मनातले होते, की बाईंची कल्पना? मी हा प्रश्न त्यांना त्याच दिवशी विचारला, कारण कल्पनेने मिळवलेले ज्ञान तपासून घ्यावे लागते. दुसऱ्यात शिरलो असे समजून माणूस बहुधा स्वतःच्याच मनात फेरफटका मारून येतो. कादंबरीकारही याला अपवाद नाहीत. बाई म्हणाल्या, “विचारून पाहीन.” पुढच्या सत्राला त्या आल्या तेव्हा मी काही विचारले नाही, त्यांनीच सांगितले. विचारायचे धाडस झाले नाही. किल्ली अजून सासूबाईंकडेच आहे. मात्र आता त्या दुसऱ्या किल्लीने डबा उघडत नाहीत. दिवसातून दोनदा मागतात. (घरात दुसरी किल्ली होती, हे आम्हांला तेव्हा कळले.)

आपल्यापैकी अनेकांचे वय संसाराचे आहे. नोकरी, शेती, मुले सांभाळून रात्री ही पुस्तिका उघडणाऱ्या विद्यार्थ्याला माणसांचा अनुभव महाविद्यालयातील मुलांहून कितीतरी अधिक असतो, आणि तोच कधीकधी आड येतो. ‘मी ओळखून आहे त्याला’ असे आपण म्हणतो, तेव्हा शिरण्याचे दार आपण लावून घेतलेले असते. म्हणून या घटकाच्या स्वाध्यायासाठी एक सूचना. एकनाथांचे कोणतेही एक भारूड निवडावे. शक्यतो ज्या भूमिकेविषयी आपल्याला तिटकारा वा हसू आहे ते. रूपकाचा अर्थ पाहण्याआधी ते उभे राहून, त्या माणसाची लकब घेऊन वाचावे. घरात कोणी ऐकत असेल तर उत्तम. मध्येच त्यांनी काही विचारले, तर त्याच भूमिकेतून उत्तर द्यावे आणि ते उत्तर लगेच वहीत उतरवून ठेवावे. आवाज मोठा ठेवायला हरकत नाही. शेजारी डोकावतील, त्यांना बसायला सांगावे.